धुराची मर्यादा कोण ठरवतं? डहाणूचा झगडा, चंद्रपूरचा आकडा आणि आपण

आयोजकांनी मला विषय दिला होता 'प्रदूषण आणि समाज'. हा विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच सांगितलं जात नाही. म्हणून मी तो कापून लहान केला. मागच्या खेपेला इथे आलो होतो, तेव्हा कार्यक्रम झाल्यावर चहा घेताना एका शेतकरी मित्रानं विचारलं होतं, "सर, कारखान्याले किती धूर सोडाची परवानगी राह्यते? अन् तो आकडा ठरवते कोन?" मी तेव्हा काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असल्यामुळे गोलमाल उत्तरं मला चांगली जमतात. पण घरी गेल्यावर ते मनाला लागलं. आज त्या एका प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

इथल्या वयस्कर मंडळींना शकुंतला आठवत असेल. पुलगाव–आर्वीची छोटी लाईन, रोहणा टाऊन स्टेशन, वाफेचं इंजिन. अंगावर कोळशाची कणी पडायची, पांढरा सदरा असला की आई ओरडायची. तिकडे पुलगावला गिरणीचं धुराडं. तो धूर मोजायला हवा, त्याला काही हद्द असावी, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. धूर म्हणजे काम चालू आहे, चार लोकांना पगार मिळतो आहे, एवढाच अर्थ होता. गिरणी बंद पडली तेव्हा धूर गेला आणि लोक रडले. ही गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो, कारण कारखान्याविरुद्ध बोलणारा माणूस पोटावर पाय देतो असा आरोप नेहमी होतो, आणि तो आरोप पूर्ण खोटा नसतो.

आता मुद्द्यावर येऊ. धुराच्या मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक चिमणीच्या तोंडाशी मोजायची: एक घनमीटर धुरात इतके मिलिग्रॅम राख, इतके मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. दुसरी तुमच्या अंगणातल्या हवेत मोजायची: एक घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम. पहिली कारखान्याला लागू होते. दुसरी तशी कुणालाच लागू होत नाही, कारण हवेचा मालक कुणी नाही. हवा खराब निघाली तर कारखाना म्हणतो, माझी चिमणी नियमात आहे, ट्रकांना विचारा. ट्रकवाला म्हणतो, चुलींना विचारा. या दोन मर्यादांमधल्या फटीत गेल्या दीडशे वर्षांचा सगळा इतिहास अडकलेला आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १८६३ साली तिथे अल्कली कायदा झाला. धुण्याचा सोडा बनवणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडायचे आणि आजूबाजूची झाडं, कुरणं जळून जायची. तक्रार कुणी केली? मजुरांनी नाही. जमीनदारांनी केली, कारण जळणारी झाडं त्यांची होती. कायदा आला: निघालेल्या आम्लातलं ९५ टक्के पाण्यात जिरवा, बाकी ५ टक्के सोडा. कारखानदारांनी ते केलं. पण कारखाने वाढत गेले, आणि वाढलेल्या उत्पादनाचे ५ टक्के म्हणजे पुन्हा ढीगभर आम्ल. म्हणून १८७४ साली नियम बदलला आणि सोडलेल्या वायूत प्रत्येक घनफुटामागे किती आम्ल चालेल याचा आकडा ठरवला. चिमणीच्या मर्यादेचा हा जवळजवळ मूळपुरुष. त्याच वेळी आणखी एक शब्दप्रयोग कायद्यात घुसला, त्याचा मराठीत अर्थ 'जमेल तितका चांगला उपाय'. 'जमेल तितका' हे कोण ठरवणार? कारखान्याचा हिशेबनीस. हा पाहुणा तेव्हा आला आणि अजून गेलेला नाही.

आपल्याकडे १९१२ साली मुंबई इलाख्यासाठी धूर-उपद्रवाचा कायदा झाला. बंगालचा त्याआधी, १९०५ चा. 'उपद्रव' हा शब्द लक्षात ठेवा. त्या काळी जगभर धूर डोळ्यांनी मोजत. रिंगलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकानं काळ्या रेघांच्या जाळीचे तक्ते काढले होते. तक्ता समोर धरायचा, धुराचा काळेपणा त्याच्याशी ताडून पाहायचा आणि नंबर द्यायचा. साधी, स्वस्त आणि प्रामाणिक पद्धत. तिचा दोष एकच: डोळ्यांना न दिसणारा वायू तिच्यातून सुटतो. सल्फर डायऑक्साइडला रंग नाही. चिमणीतून पांढरा धूर निघत असेल तर आजही आपल्याला बरं वाटतं, ते त्या तक्त्याचंच वारसदार असलेलं समाधान आहे.

पुढची पन्नास-साठ वर्षं मी भरकन ओलांडतो. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली, इंदिरा गांधी तिथे गेल्या होत्या. आपला १९८१ चा हवा कायदा उघडलात तर प्रस्तावनेतच त्या परिषदेचा उल्लेख सापडेल. ही परिषद स्वीडनमध्ये भरली यालाही कारण होतं. ब्रिटनने आपल्या शहरांतली हवा सुधारण्यासाठी वीजकेंद्रांच्या चिमण्या उंच केल्या होत्या. धूर उंच गेला, शहराला बरं वाटलं. तोच गंधक वाऱ्यावर उत्तरेकडे जाऊन पावसात मिसळला आणि स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत उतरला. तळ्यांतले मासे मेले. उंच चिमणी धूर कमी करत नाही, तो फक्त दूरच्या माणसाला देते, हे जगाला तेव्हा कळलं. हा मुद्दा मी परत काढणार आहे, विसरू नका.

हवा कायदा १९८१ चा, आणि भोपाळ १९८४ च्या डिसेंबरातलं. म्हणजे कायदा होता आणि तरी भोपाळ झालं. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि १९८७ च्या दुरुस्तीने हवा कायद्यात एक कलम आलं: मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही प्रदूषणाबद्दल न्यायालयात फिर्याद करू शकतो. त्याआधी तुमची हवा खराब झाली तर तक्रार करायचा हक्क फक्त मंडळाचा होता.

आता माझ्या आवडीची, म्हणजे खरं तर माझ्या रागाची गोष्ट. १९९४ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशभरासाठी हवेची मानकं ठरवली. त्यांत जागांचे तीन प्रकार होते: औद्योगिक, निवासी आणि संवेदनशील. हवेतल्या एकूण धुळीची चोवीस तासांची मर्यादा औद्योगिक भागात ५००, निवासी भागात २०० आणि संवेदनशील भागात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एमआयडीसीच्या भिंतीला लागून झोपडी असलेल्या बाईच्या पोराला निवासी कॉलनीतल्या पोराच्या अडीचपट धूळ 'चालते'. फुप्फुसं दोघांची सारखीच. मी वर्गात नीतिशास्त्र शिकवायचो तेव्हा हा तक्ता फळ्यावर लिहायचो आणि विचारायचो, यात विज्ञान कुठे आहे आणि निर्णय कुठे आहे? पोरं सुरुवातीला म्हणायची, सर, सगळं विज्ञानच आहे, आकडे आहेत ना. थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणायची, सर, कारखान्याजवळ आधीच धूळ जास्त असते, म्हणून मर्यादाही जास्त ठेवली असेल. बरोबर. म्हणजे जे आहे त्यालाच 'चालेल' म्हटलं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मानकं आली आणि औद्योगिक व निवासी हा भेद काढून टाकला. कुणीतरी ते चुकीचं आहे हे ओळखलं, ही चांगली गोष्ट. पण पंधरा वर्षं तो तक्ता भिंतीवर होता.

बारीक कणांचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. पीएम २.५ म्हणतात ते, केसापेक्षा कितीतरी बारीक, थेट रक्तात जाणारे. आपली वर्षभराच्या सरासरीची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली १० म्हटलं होतं, २०२१ मध्ये ते ५ केलं. का उतरवलं? कारण जितकं खाली पाहत गेले तितकं नुकसान सापडतच गेलं. अमुक आकड्याखाली कुणालाच काही होत नाही अशी रेघ मिळाली नाही. एकदा हे मान्य केलं की मग ४० या आकड्याचा अर्थ बदलतो. 'याखाली सुरक्षित' असा तो अर्थ उरत नाही. 'इतकं नुकसान आपण सोसायचं ठरवलं आहे' असा होतो. आणि मग ज्याच्या अंगावर ते पडणार, तो ठरवताना तिथे बसला होता का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

तर आपल्या मराठी मुलखात एका ठिकाणी लोक खरोखर तिथे जाऊन बसले. ते ठिकाण डहाणू.

डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. समुद्रकाठी चिकूच्या वाड्या, त्यांतल्या बऱ्याच इराणी आणि पारशी कुटुंबांच्या. आत डोंगराकडे वारली पाडे. १९८० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या बीएसईएस कंपनीने तिथे ५०० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र काढायचं ठरवलं. चेंबूर-ट्रॉम्बे आधीच भरलं होतं. दोन तेलशुद्धी कारखाने, खताचा कारखाना, टाटांचं वीजकेंद्र. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणायचे. मग वीज मुंबईला आणि धूर डहाणूला, असा तो बेत. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही. दूर पाठवणं हा प्रत्येक शहराचा पहिला उपाय असतो, कचऱ्याचंही तेच.

१९८९ च्या मार्चमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी दिली, पण अटी घालून. त्यांतली एक अट होती धुरातला गंधक काढणारं यंत्र बसवण्याची. त्याला एफजीडी म्हणतात, फ्लू गॅस डिसल्फरायझेशन. नाव अवघड, काम सोपं: सल्फर डायऑक्साइड आम्लधर्मी आहे, त्याला अल्कधर्मी पाण्यात धुवायचं. बऱ्याच ठिकाणी चुनखडीची राबडी वापरतात आणि त्यातून जिप्सम निघतं. समुद्रकाठी चुनखडीही लागत नाही, समुद्राचं पाणी स्वतःच थोडं अल्कधर्मी असतं.

गावातल्या लोकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. नर्गिस इराणी यांच्यासारख्या वाडीवाल्या बायका त्यात पुढे होत्या. १९९० च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ च्या मार्चमध्ये तिथेही हरले. वीजकेंद्र होणार हे नक्की झालं. पण त्या निकालात एक ओळ लोकांच्या हाती राहिली. कंपनीला ती गंधकाच्या यंत्राची अट नको होती, कोळशात गंधक कमी आहे आणि यंत्र महाग आहे असं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं, परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय ही अट शिथिल करू नये. हरलेल्या खटल्यातून एवढंच उरलं. त्या एका वाक्याला धरून डहाणूचे लोक पुढे सोळा वर्षं लढले.

१९९१ च्या जूनमध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा धरला आणि तालुक्यातल्या उद्योगांना एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली. पण अधिसूचना निघाली म्हणून कुणी ती पाळतं असं नाही. १९९४ मध्ये पर्यावरण-पत्रकार बिट्टू सहगल यांच्या नावाने दुसरी याचिका गेली. सर्वोच्च न्यायालयाने पाहणीचं काम आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेला दिलं. ३१ ऑक्टोबर १९९६ ला आदेश झाला: डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्ती अध्यक्ष असावेत. डिसेंबर १९९६ मध्ये ते झालं, आणि अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

इथे वर्धा जिल्ह्याने थोडं ताठ बसायला हरकत नाही. चंद्रशेखर म्हणजे दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, वर्ध्याच्या गांधी-परिवारातला माणूस. २०१९ च्या जानेवारीत ते गेले, तोपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, ते या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये वाढवणच्या मोठ्या बंदराला याच प्राधिकरणाने नकार दिला. ते गेल्यानंतर, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला परवानगी दिली. संस्था तीच, कागद तेच, माणूस बदलला. यावर कुणाचं काय मत असायचं ते असो, पण संस्था किती माणसावर चालते हे यातून दिसतं.

गंधकाच्या यंत्राचं काय झालं? वीजकेंद्र १९९५ च्या सुमारास चालू झालं. २७५ मीटर उंच चिमणी उभी राहिली. यंत्र नव्हतं. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने ते बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने मुदती मागितल्या, न्यायालयात गेली, कंपनीची मालकी बदलून रिलायन्सकडे आली, पुन्हा मुदती झाल्या. शेवटी प्राधिकरण बँक हमी मागण्यापर्यंत आलं. २००७ मध्ये यंत्र चालू झालं. १९८९ ची अट, २००७ चं यंत्र. त्या वर्षी जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होऊन मतदार झालं.

कंपनीची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर हे व्याख्यान न राहता कीर्तन होईल. ते वीजकेंद्र देशातल्या नीट चालवल्या जाणाऱ्या केंद्रांपैकी गणलं जायचं. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, म्हणजे खरंच कमी. राख मात्र तीस-चाळीस टक्के. म्हणून आपल्याकडे कायद्याने सगळं लक्ष राखेवर ठेवलं आणि गंधकासाठी फक्त चिमणीची उंची सांगितली: ५०० मेगावॅट आणि त्यावरचा संच असेल तर २७५ मीटर, त्याखालचा २०० मेगावॅटपर्यंतचा असेल तर २२०. धुरात गंधक किती असावा याचा आकडाच देशात नव्हता. डहाणूच्या लोकांचं म्हणणं इतकंच होतं की चिमणी उंच आहे, पण आमची झाडं तिच्या खालीच नाहीत, सगळीकडे आहेत. आणि हवेत गेलेला सल्फर डायऑक्साइड वायू म्हणून राहत नाही. काही तासांत, काही दिवसांत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, तेच पीएम २.५. म्हणून मोजणाऱ्या यंत्राला सल्फर डायऑक्साइड कमी दिसतो आणि बारीक धूळ जास्त दिसते. ती धूळ कुणाची हे मग कुणी ओळखत नाही.

आता चंद्रपूर. डहाणूला समुद्र होता, वाडीवाले शिकलेले होते, मुंबई जवळ होती. चंद्रपूरला काय होतं? खाणी, सिमेंट, बल्लारपूरचा कागद कारखाना, आणि १९८० च्या दशकापासून वाढत गेलेलं महाऔष्णिक वीजकेंद्र, आज २,९२० मेगावॅट. विदर्भाने राज्याला वीज दिली हे आपण अभिमानानं सांगतो. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने आयआयटी दिल्लीच्या मदतीने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. शंभरपैकी जितके जास्त तितकं वाईट. अंकलेश्वर पहिलं, वापी दुसरं, गाझियाबाद तिसरं, आणि ८३.८८ गुण घेऊन चौथं चंद्रपूर. जानेवारी २०१० मध्ये तिथे नव्या उद्योगांना पर्यावरण मंजुरी देणं थांबवलं. बंदी पुढे उठली, कृती-आराखडे झाले. चंद्रपूरच्या माणसाला तुम्ही आकडे विचारू नका, तो उन्हाळ्यात वाळत घातलेली चादर दाखवेल.

७ डिसेंबर २०१५ ला केंद्र सरकारने पहिल्यांदा कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडचा आकडा काढला. जुन्या संचांपैकी ५०० मेगावॅटखाली असतील तर ६०० मिलिग्रॅम, त्यावरच्यांना २००, आणि २०१७ नंतरच्या नव्यांना १००. राखेचाही आकडा जुन्यांना १००, मधल्यांना ५०, नव्यांना ३० असा कडक केला. दोन वर्षांची मुदत दिली. म्हणजे डहाणूने एका चिमणीसाठी जे अठरा वर्षांत मिळवलं, ते देशभर दोन वर्षांत होणार होतं! मला त्या दिवशी खरंच आनंद झाला होता. वय झालं तरी माणूस भाबडा असतो.

२०१७ आली, मुदत वाढली. मार्च २०२१ मध्ये वीजकेंद्रांचे तीन वर्ग केले. अ वर्ग: दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या दहा किलोमीटरच्या आत असलेली. ब वर्ग: अतिप्रदूषित पट्ट्याच्या किंवा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहराच्या दहा किलोमीटरच्या आतली, या व्याख्येत चंद्रपूर बसतं. क वर्ग: उरलेली सगळी. प्रत्येकाला वेगळी मुदत. २०२२ मध्ये पुन्हा वाढवली, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा. आणि ११ जुलै २०२५ ला अधिसूचना निघाली: क वर्गाला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लागू नाही. ब वर्गाचं प्रत्येक केंद्राप्रमाणे ठरवू. अ वर्गाने २०२७ अखेरपर्यंत पाळावी. देशातले सुमारे ७८ टक्के संच क वर्गात आहेत. त्यांना अट एवढीच की चिमणीच्या उंचीचा १९९० चा नियम पाळा.

आठवतं ना, स्वीडनची तळी?

सरकारनेही कारणं दिली आहेत. कोळशात गंधक कमी, देशात मोजलेला सल्फर डायऑक्साइड ८० च्या मर्यादेपेक्षा बराच खाली, यंत्राचा खर्च विजेच्या दरात येणार, आणि चुनखडी काढून-वाहून आणण्यात उलट कार्बन वाढणार. आधाराला ज्या अभ्यासांचा हवाला दिला त्यांत नागपूरची नीरीही आहे. डहाणूत न्यायालयाने जिच्या अहवालावर भिस्त ठेवली, तीच संस्था. शास्त्रज्ञ विकले जातात असलं स्वस्त वाक्य मी बोलणार नाही. प्रश्न वेगळा विचारला की उत्तर वेगळं येतं. 'हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेबाहेर आहे का' असं विचारलं तर उत्तर नाही असंच येईल. 'या गंधकाची बारीक धूळ होऊन ती कुणाच्या छातीत जाते' हा वेगळा प्रश्न आहे. आकडा ठरवण्याआधी प्रश्न कोण ठरवतं ते पाहायला हवं. आणि खर्चाचा मुद्दा खोटा नाही, फक्त अपुरा आहे. यंत्राचा खर्च बिलात दिसतो. दम्याचा खर्च वर्ध्याच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात दिसतो, तो विजेच्या बिलात कुणी मांडत नाही.

मला खटकतं ते दहा किलोमीटर. शहर दहा लाखांचं असेल तर त्याच्याभोवती मर्यादा आहे. दहा हजारांचं गाव असेल तर त्याच चिमणीला तीच मर्यादा नाही. १९९४ चा तो तीन रकान्यांचा तक्ता आठवा. भिंतीवरून काढला होता, तो चिमणीवर नेऊन लावला. यात एक तर्क आहे, मी तो नाकारत नाही: जिथे माणसं जास्त, तिथे पैसा आधी खर्च करा. उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ याला मान डोलावेल. पण 'आधी' म्हणणं वेगळं आणि 'इतरांना नाहीच' म्हणणं वेगळं. बेंथॅमनेसुद्धा प्रत्येकाला एक धरावं म्हटलं होतं, खेड्यातल्याला पाव धरा असं नाही.

काही वेळा तर मर्यादा मोडायला ती असावीच लागत नाही. मुंबईत माहुलला तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्यांशेजारी राहणारे लोक वर्षानुवर्षं वासाची तक्रार करत होते. त्या वाफांत अनेक सेंद्रिय रसायनं असतात, पण आपल्या हवेच्या मानकांत त्यांपैकी बेंझीनसारख्या एखाद्यालाच आकडा आहे. बाकीच्यांना आकडाच नाही, मग मर्यादा ओलांडली म्हणायचं कशाच्या आधारावर? तरीही हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये लोकांचं म्हणणं मान्य केलं आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई लावली. लोकांचं नाक हा पुरावा ठरला, असं मी माझ्या भाषेत म्हणतो; वकील लोक हसतील.

एक कबुली मध्येच देऊन टाकतो. धूर फक्त कारखान्याचा नसतो. इथून जवळच वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने मगन चूल काढली, कारण आपल्या आया-बहिणी स्वयंपाकघरात रोज जो धूर गिळत होत्या, तो कुठल्याही चिमणीपेक्षा जवळचा होता. त्याला कधी कुणी मर्यादा लावली नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये रेचा उडतो तोही तसाच. कारखान्याला जाब विचारताना हेही विचारायला हवं, नाहीतर आपली तक्रार खोटी पडते.

आता त्या मित्राच्या प्रश्नाचा व्यवहाराचा भाग. समजा उद्या या भागात, वर्धा नदीच्या या किंवा त्या काठाला, मोठी चिमणी यायची ठरली. नदीपलीकडे अमरावतीजवळ नांदगावपेठेला १,३५० मेगावॅटचं केंद्र आहेच, इकडे वर्ध्याजवळ भूगावला पोलाद कारखाना आहे. म्हणजे कल्पना करायला फार लांब जायला नको. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी होते. तीस दिवस आधी नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी अध्यक्ष, जागेवर किंवा अगदी जवळ, आणि सारांश स्थानिक भाषेत. मी अशा काही सुनावण्यांना प्रेक्षक म्हणून बसलो आहे. लोक तिथे नोकऱ्या किती, जमिनीचा भाव किती एवढंच विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. हवेबद्दल कुणी उठलंच तर 'प्रदूषण होईल' म्हणून बसतो. समोरचा सल्लागार म्हणतो, सगळं मर्यादेत राहील, आणि टाळ्या पडतात.

त्याला विचारा: कोणती मर्यादा, चिमणीची की अंगणाची? आधीची हवा मोजली ती कोणत्या महिन्यांत? कारण अहवालाला एका हंगामाची, तीन महिन्यांची मोजणी पुरते, पावसाळा सोडून. उन्हाळ्यात मोजली असेल तर आपल्याकडे दुपारी हवा वर चढते, धूर पसरतो, आकडा चांगला येतो. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आपली कापूस वेचणी आणि तुरीला शेंगा असतात तेव्हा, पहाटे थंड हवा जमिनीला चिकटून बसते आणि धूर तिच्यातच अडकतो. तेव्हा मोजली का? शेजारच्या कारखान्यांचा धूर त्यात मिळवला, की फक्त याच एका चिमणीचा धरला? प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात नक्की कोणते आकडे लिहिले जाणार? ते संमतीपत्र तुम्हाला वाचायला मिळायला हवं. मोठ्या कारखान्यांच्या चिमणीला सतत मोजणारं यंत्र असतं, त्याचे आकडे मंडळाकडे जातात, ते मागा. आणि सुनावणीचं इतिवृत्त लिहिताना तुमचा प्रश्न त्यात आला की नाही ते तिथेच, उठायच्या आधी, वाचून घ्या. डहाणूच्या लोकांच्या हाती एक वाक्य होतं, ते कागदावर होतं म्हणून होतं.

शिक्षेबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली. हवा कायद्यात पूर्वी मर्यादा मोडल्यास तुरुंगवास होता, दीड ते सहा वर्षं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो काढून दंड आणला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत, आणि तो न्यायालयाऐवजी अधिकारी ठरवतो. तुरुंगात जाताना फारसं कुणी दिसलं नव्हतं हे खरंच. पण पंधरा लाख रुपये एखाद्या मोठ्या कंपनीच्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसतात, ते जमाखर्च लिहिणाऱ्यांनी मला सांगावं.

तर, "सर, आकडा ठरवते कोन?" दिल्लीतली समिती ठरवते, कारखान्याचा हिशेबनीस ठरवतो, शास्त्रज्ञ ठरवतो आणि क्वचित, डहाणूसारखं, चिकूच्या वाडीतली बाई ठरवते. "किती धूर सोडाची परवानगी?" तर आज, रोहण्यापासून लांब असलेल्या क वर्गातल्या चिमणीला, सल्फर डायऑक्साइडपुरती, कितीही. तुमच्या अंगणातल्या हवेची चोवीस तासांची ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा मात्र कायम आहे, ती कुणी काढलेली नाही. फक्त ती मोजायला अंगणात यंत्र लागतं.

तो मित्र आज इथे बसला आहे, मघापासून मान हलवतो आहे. त्याचं समाधान झालेलं दिसत नाही. माईक त्याच्याकडे द्या.